गावकूस नसलेलं गाव

आमच्या भागात ट्रकवर ड्रायव्हरच्या जोडीला जो पोरगा असतो त्याला किन्नर म्हणतात. मूळ शब्द क्लीनर. साहेबाच्या तोंडून उतरून आमच्या तोंडी बसेपर्यंत त्याचा किन्नर झाला. हल्ली त्या शब्दाचा दुसराच अर्थ रूढ झालाय, पण हायवेवरच्या धाब्यावर अजून ‘दोन चाय, एक ड्रायव्हरला एक किन्नरला’ अशी ऑर्डर ऐकू येते. किन्नरची कामं ठरलेली. काच पुसायची, टॉमी आपटून टायरमधली हवा बघायची, ड्रायव्हरला डुलकी लागू नये म्हणून बडबड करायची आणि गाडी मागं घेताना मागे उभं राहून फाळक्यावर थाप मारत ओरडायचं, ‘येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या… बास!’ सगळी भिस्त त्या शेवटच्या ‘बास’वर. तो चुकला की भिंत गेली.

ओतीक राकोस्निकचा ‘बास’ चुकतो. ट्रक फाटकाच्या खांबाला भिडतो, खांब आडवा होतो, आणि स्टिअरिंगवर बसलेल्या पावेकच्या चेहऱ्यावर जे उमटतं तो राग नसतो. रागाच्या पलीकडची, वर्षानुवर्षांच्या सवयीची एक थकावट असते ती. हा प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा पुण्यात एका फिल्म क्लबच्या अंधाऱ्या हॉलमध्ये बसलो होतो. पडदा लहान, पंखा कुरकुरणारा, खाली इंग्रजी सबटायटल्स. सगळा हॉल हसला, मीही हसलो. आणि हसू ओसरल्यावर, दाताखाली खडा यावा तसं, काहीतरी खटकलं.

चित्रपटाचं नाव ‘वेस्निच्को मा स्त्र्झेदिस्कोवा’. साल १९८५. दिग्दर्शक यिर्झी मेन्झेल, लेखक झ्देन्येक स्व्येराक. त्या वर्षांतल्या चेकोस्लोव्हाकियातलं एक खेडं, तिथली सहकारी शेती, तिचा एक ट्रक. ट्रकवर ठेंगणा, गोलमटोल, संसारी ड्रायव्हर पावेक आणि त्याचा उंच, काटकुळा, मोठ्या कानांचा किन्नर ओतीक. ओतीकची समज कमी आहे. आई-बाप नाहीत, आईच्या मागे राहिलेल्या घरात तो एकटा राहतो. परदेशी चित्रपटांच्या ऑस्करच्या नामांकनापर्यंत हा चित्रपट गेला. पुरस्कार त्या वर्षी एका डच चित्रपटाला मिळाला, पण चेक घराघरांत तो आजही टीव्हीवर लागला की माणसं चॅनल बदलत नाहीत, संवाद नटांच्या आधी म्हणतात. आपल्याकडे ‘अशी ही बनवाबनवी’चं जे झालंय, साधारण तेच.

खटकलं ते साधंच होतं. एका मंदबुद्धी मुलाला बघून आपण हसलो का? खेळ संपल्यावर चहाच्या टपरीवर हीच चर्चा झाली. एक बाई म्हणाल्या, ‘आज असा सिनेमा काढता येणार नाही.’ एक गृहस्थ म्हणाले, ‘आजच काढला पाहिजे.’ मी गप्प राहिलो. मला आमच्या गावातला धक्क्या आठवत होता.

धक्क्या हे त्याचं नाव नव्हे. गावात जीप, टेम्पो, कधीकधी मुक्कामाची एसटीसुद्धा सकाळी सुरू झाली नाही की त्याला हाक मारायची आणि त्यानं धक्का द्यायचा, म्हणून धक्क्या. बाकी वेळ तो पिठाच्या गिरणीत असायचा. बायकांचे डबे डोक्यावरून घरी पोचवायचा, कुणाचा डबा कुठला यात कधी चुकायचा नाही, हिशेबात मात्र रोज चुकायचा. आम्ही पोरं त्याच्या मागं लागायचो, तो दगड उचलल्यासारखं करायचा. दगड कधी मारला नाही. ओतीकला पडद्यावर बघताना मला राहून राहून गिरणीतला पांढरा, भुरभुरीत झालेला धक्क्या दिसत होता.

नंतर हा चित्रपट मी चार-पाच वेळा पाहिला. आता माझं मत बनलंय, आणि ते असं, की ओतीकवर आपण हसतो हे खरं, पण त्या गावात न हसण्याजोगा माणूसच नाही. डॉक्टर स्क्रुझ्नी घ्या. रुडॉल्फ ह्रुशीन्स्की या थोर नटानं ती भूमिका केलीय. डॉक्टर विद्वान, रसिक, गावाचा आधार. पण गाडी चालवताना बोहेमियाच्या टेकड्या बघून त्याचं भान हरपतं, आणि मग गाडी रस्ता सोडून जाते. पावेकला बिअर तळघराच्या नेमक्या सातव्या पायरीवरची लागते. त्याच्या वरची फार कोमट, त्याच्या खालची फार गार. दुसरा ड्रायव्हर तुरेक बायकोवरच्या संशयानं पोखरलेला. पावेकचा शाळकरी मुलगा गावात आलेल्या तरुण शिक्षिकेवर भाळलेला. स्वतः स्व्येराकनं एक चित्रकार रंगवलाय, तो डोक्यानं कायम दुसरीकडे. या सगळ्यांच्या रांगेत ओतीक उभा केला की तो अपवाद उरत नाही. गावात जेवढे लोक तेवढ्या खोडी, त्यात ही एक.

अशा माणसाला पडद्यावर आणायच्या दोन मळलेल्या वाटा आहेत. एक, त्याला हसणं. दुसरी, त्याला रडणं. दुसरी वाट आपल्या परिचयाची. ‘चौकट राजा’मध्ये दिलीप प्रभावळकरांनी नंदू उभा केला, १९९१ साली, तो अभिनय विसरणं शक्य नाही. पण तो चित्रपट बघून बाहेर पडताना आपल्या हातात रुमाल असतो. नंदूभोवतीची माणसं चांगली आणि वाईट अशा दोन ढिगांत वाटलेली असतात, आणि आपण आपसूक चांगल्यांच्या ढिगात जाऊन बसतो. मेन्झेल तशी सोय देत नाही. ओतीकला काय झालंय, कधीपासून, त्यावर उपाय आहे का, एका शब्दानं कुणी बोलत नाही. शेवटी तो सुधारत नाही, कुठला गुप्त गुणही त्याच्यात सापडत नाही. आणि ज्याच्यावर आपली माया जडते तो पावेकच चित्रपटाच्या सुरुवातीला म्हणतो की बस झालं, सुगी संपली की हा पोरगा दुसऱ्या कुणाच्या गाडीवर टाका.

पहिली वाट तर चेकांच्या स्वतःच्या घरातली. संगीतकार स्मेतानाचा ‘विकलेली वधू’ हा ऑपेरा ३० मे १८६६ रोजी प्रागमध्ये पहिल्यांदा झाला. चेक राष्ट्राचा आत्मा वगैरे त्यात आहे असं तिथं शाळेपासून शिकवतात. गावची जत्रा, लग्नाची बोलणी, नाच, बिअर. त्यात वाशेक नावाचा नवरा मुलगा आहे. भोळा, आईच्या शब्दाबाहेर नसलेला, आणि तोतरा. त्याचं तोतरेपण संगीतातच बसवलंय. तो गातानाही अडखळतो आणि प्रेक्षक हसतो. शेवटी त्याला फिरत्या तमासगिरांच्या टोळीतल्या अस्वलाचं कातडं चढवून गावापुढे आणतात. दीडशेहून जास्त वर्षं जगभरच्या रंगमंचांवर लोक त्या अस्वलाला हसतायत. वाशेकचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही. नायक-नायिकेचं लग्न ठरलं, पडदा पडला.

मला वाटतं ओतीक हा वाशेकचाच वारस आहे. फरक एवढाच की एकशे एकोणीस वर्षांनी कुणीतरी त्याच्या अंगावरचं कातडं उतरवून त्याला ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसवलं.

आता कथेतला पेच सांगतो. ओतीकचं घर जुनं, टुमदार, गावात मोक्याच्या जागी. प्रागच्या लोकांना त्या काळी शनिवार-रविवारच्या खेड्यातल्या घराचं वेड होतं. परदेशी जाता येत नव्हतं, राजकारण बोलता येत नव्हतं. माणसं शुक्रवारी संध्याकाळी गाडीत बटाटे आणि हातोडी टाकून खेड्याकडे निघायची. तर एका बड्या साहेबासाठी ओतीकच्या घरावर डोळा. घर मिळवायचं तर ओतीक हलला पाहिजे. मग त्याला प्रागमध्ये नोकरी, सिमेंटच्या नव्या इमारतीत सदनिका, सगळं कागदोपत्री चोख. पावेकनं नको म्हटलेला, आता तुरेकच्या गाडीवर जावं लागेल म्हणून त्याच्या तापट स्वभावाला घाबरलेला ओतीक ‘हो’ म्हणतो.

इथं मेन्झेल आणि स्व्येराक जे करतात ते मला फार धूर्त वाटतं. कुठल्याही कल्याणकारी अहवालात प्रागचा भाग यशोगाथा म्हणून छापला जाईल. बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणाला रोजगार. स्वतंत्र निवास. शहरी सुविधा. उलट गावानं त्याला काय दिलं? टिंगल, ओझी उचलण्याची कामं, आणि सहकारी शेतीतल्या एका तरुण तज्ज्ञानं त्याला प्रेमळपणे सिनेमाला पाठवलं, कारण तेवढ्या वेळात त्याचं घर तुरेकच्या बायकोला भेटायला मोकळं मिळावं. अहवालात गाव नापास. आणि तरी प्रागच्या त्या उंच इमारतींमध्ये हरवलेला ओतीक बघताना पोटात खड्डा पडतो, कारण तिथं त्याच्यावर चिडणारं कुणी नाही. शेवटी पावेक जाऊन त्याला घेऊन येतो. मिठ्या नाहीत, भाषण नाही. पुन्हा सकाळ, पुन्हा तो रस्ता, आणि ओतीक पावेकच्या पावलाला पाऊल जुळवून चालू लागतो.

ते चालणं म्हणजे लॉरेल आणि हार्डीची थेट आठवण. उंच आणि बुटका, काटक्या आणि ढेरपोट्या. मेन्झेलनं ती लपवलेली नाही.

स्त्रियांबद्दल मात्र मी या चित्रपटाला इतके गुण देणार नाही. तुरेकची बायको लिबुशे शाफ्रान्कोवानं केलीय, जी १९७३च्या सिंड्रेलापटापासून चेक लोकांच्या गळ्यातला ताईत झाली होती. नवऱ्याच्या संशयात अडकलेल्या बाईचं पुढं काय, हे विचारायला चित्रपटाला वेळ नाही. तिची भीती विनोदाच्या दोन प्रसंगांत खर्ची पडते. शिक्षिका आपल्याला दिसते ती एका वयात आलेल्या पोराच्या डोळ्यांतून. पावेकची बायको स्वयंपाकघरात. पुरुषांच्या खोडीला या गावात लाड आहेत, बायकांच्या खोडीला नाहीत. आमच्या ग्रामीण विनोदी कथांवरही हाच आरोप करता येईल, आणि केलेला आहे.

चित्रपटाच्या नावातला विनोद मला उशिरा कळला. ‘वेस्निच्का’ म्हणजे लहानसं, लाडकं गाव. ‘वेस्निच्को’ ही त्याची हाक. ‘माझ्या गावुल्या’ म्हणावं तशी. आणि त्याला जोडलेला शेवटचा शब्द सरकारी आहे. १९७०च्या दशकात तिथल्या नियोजनकारांनी खेड्यांची प्रतवारी लावली. काही गावं ‘केंद्र’ ठरवली. शाळा, दुकान, दवाखाना, नवी घरं त्यांना. बाकीच्यांना काही नाही; ती आपोआप ओस पडतील अशी व्यवस्था. म्हणजे शीर्षक वाचायचं ते असं: ‘माझ्या लाडक्या, केंद्रग्राम दर्जाप्राप्त गावुल्या.’ आपल्याकडे वेशीवर ‘हागणदारीमुक्त गाव’ अशी पाटी असते. कुणी त्या पाटीचाच शब्द घेऊन ‘माझ्या हागणदारीमुक्त गावा’ असं हळवं गाणं म्हणायला लागला तर जे होईल ते. चेक प्रेक्षक शीर्षकालाच हसला असणार. भाषांतरात हे हसू मरतं. इंग्रजीत त्याचं ‘माझं गोड छोटं गाव’ झालं आणि सरकारी शिक्का पुसला गेला.

१९८५ साली एवढीच टीका परवडत होती. मेन्झेलचा १९६९चा ‘तारेवरचे चंडोल’ डब्यात बंद करून ठेवला होता. तो १९९० साली बाहेर आला आणि बर्लिनला सोनेरी अस्वल घेऊन गेला. त्याचा मित्र मिलोश फोर्मन देश सोडून अमेरिकेला गेला होता. जाण्यापूर्वी, १९६७ मध्ये, फोर्मननं एका छोट्या गावातल्या अग्निशमन दलाच्या नाचगाण्याच्या रात्रीवर एक जळजळीत विनोदी चित्रपट काढला, त्यात खरेखुरे बंबवाले घेतले, आणि देशभरच्या बंबवाल्यांच्या भावना दुखावल्या. आपल्याकडच्या वाचकाला हे वाक्य समजावून सांगायला नको. मेन्झेल राहिला. राहणाऱ्यानं कशावर बोलायचं आणि कशावर गप्प बसायचं याचा हिशेब रोज करावा लागतो, आणि तो हिशेब त्याच्या चित्रपटांच्या गोडव्यात मुरलेला आहे. काही चेक समीक्षकांना तो गोडवाच खुपतो: हुकूमशाहीतली वर्षं इतकी उबदार दिसावीत?

मला मात्र दुसरंच काहीतरी खुपत होतं, आणि त्याचा धागा मला आवाजापाशी सापडला.

ओतीकची भूमिका केली आहे यानोश बाननं. तो हंगेरीचा नट. पावेकची भूमिका केली मारियान लाबुदानं. तो स्लोव्हाक. म्हणजे सगळ्यांत चेक म्हणून गणल्या गेलेल्या या गावाचे दोन्ही नायक चेक नाहीत. (एका लहान भूमिकेत ब्रातिस्लावाचा यूलिउस सातिन्स्कीही येऊन जातो.) स्लोव्हाक आणि चेक एकमेकांना समजतात, मराठी आणि कोकणी जितक्या दूर, त्याहून या दोन जवळच असाव्यात. हंगेरियनचं तसं नाही. ती वेगळ्याच कुळातली. त्यामुळे बानचा चेहरा पडद्यावर राहिला आणि त्याचा आवाज काढून तिथं एका चेक नटाचा आवाज बसवला. ओतीकचे ते मोठे, ओलसर डोळे हंगेरीचे, शब्द चेकांचे. देशाचा लाडका गावकरी परभाषिक आहे, आणि त्याचा खरा आवाज त्याच्यावर माया करणाऱ्यांनी त्या चित्रपटात कधी ऐकलेलाच नाही.

हे कळल्यावर मी चित्रपट पुन्हा लावला आणि ओतीकच्या ओठांकडे बघत बसलो. तसं करू नये. जादू उतरते.

पण एक गोष्ट कळली. मी तोवर विचारत होतो, या गावात कोण कोण आहे? आणि खूश होत होतो: मंदबुद्धी आहे, म्हातारे आहेत, प्रियकर आहेत, प्रागकर आहेत. मराठी माणसानं गाव बघताना विचारायचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो आम्हाला पुस्तकातून शिकावा लागत नाही. गावकूस कुठाय? वेस कुठं संपते आणि तिच्या पलीकडे कोण राहतं? महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्याचा नकाशा काढायला सांगा, पोर पहिल्यांदा देऊळ काढेल, मग चावडी, मग शाळा. आणि कागदाच्या कडेला, ओढ्याच्या पलीकडे, आणखी काही चौकोन काढेल किंवा काढणार नाही. काढलं की नाही यावरून ते पोर कुठल्या आळीतलं, ते कळतं. मेन्झेलच्या गावाला गावकूस दिसत नाही. सगळे आत. हे किती सुंदर आहे, असं मला पहिल्या वेळी वाटलं होतं.

चित्रण झालं ते क्र्झेचोवित्से या गावात, प्रागच्या दक्षिणेला. संगीतकार योसेफ सुक याच गावात जन्मला. चित्रपटात दिसतात त्या टेकड्या, तळी, वळणाचे रस्ते त्याच परिसरातले, नेवेक्लोव्हच्या आसपासचे. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या एसएस दलाला सरावासाठी मोकळी जमीन हवी होती. त्यासाठी हा सगळा टापू रिकामा केला गेला; सुमारे ३० हजार माणसांना घरं-शेतं सोडून जावं लागलं. युद्ध संपलं, लोक परत आले, पडलेली घरं उभी केली. म्हणजे डॉक्टर स्क्रुझ्नी ज्या टेकड्या बघून गहिवरतो त्या एकदा हातच्या गेलेल्या आणि परत मिळालेल्या आहेत. चित्रपट यातलं काही सांगत नाही. पण तिथल्या म्हाताऱ्या प्रेक्षकाला ते सांगावं लागलं नसेल. त्याच्यासाठी ‘घर गेलं, माणूस हलवला, कुणीतरी त्याला परत आणलं’ ही ओतीकची कहाणी नुसती विनोदी नव्हती.

परत आलेल्यांचं गाव आहे हे. परत न आलेल्यांचं काय?

दक्षिण बोहेमियात लेती नावाचं खेडं आहे. तिथं १९४२ च्या ऑगस्टपासून १९४३ पर्यंत रोमा लोकांची छावणी होती. ‘जिप्सी’ म्हणून जगानं ज्यांना ओळखलं ते हे लोक, ज्यांच्या भाषेतले आकडे मराठी माणसालाही ओळखीचे वाटतात, कारण ती भाषा मुळात आपल्याच उपखंडातून निघालेली आहे. छावणीत तेराशेवर माणसं कोंडली होती. तीनशेहून जास्त तिथंच मेली, त्यात लेकरं फार. उरलेल्यांपैकी बहुतेक आउशवित्झला गेली. पहारेकरी जर्मन नव्हते, चेक होते. बोहेमिया-मोराव्हियातले मूळचे रोमा त्या युद्धात जवळजवळ संपले. आज तिथं राहणारे बहुतेक रोमा युद्धानंतर स्लोव्हाकियातून आलेल्यांचे वंशज. आणि १९७०च्या दशकात, म्हणजे ज्या वर्षांत खेड्यांना केंद्र आणि बिगर-केंद्र असे शिक्के बसत होते, त्याच वर्षांत लेतीच्या छावणीच्या जागेवर एक मोठं वराहपालन केंद्र उभं राहिलं. हजारो डुकरांचं.

ओतीक आणि पावेक ज्या प्रकारच्या शेतीसाठी ट्रक चालवतात, तसल्याच शेतीचं हे केंद्र. या दोन गोष्टी एका काळातल्या, एका प्रदेशातल्या. चित्रपटाच्या चौकटीत त्यातली एकच मावली. मी मेन्झेलला दोष देतोय असं नाही. विनोदी चित्रपटात छावणी घालायची नसते. पण एखादा रोमा मजूर, रस्त्याच्या कामावरचा, सहकारी शेतीवरचा? त्या काळात कारखान्यांत हजारो व्हिएतनामी कामगार आलेले होते. त्यांतली एखादी व्यक्ती? तेही नाही. आज त्याच खेड्यात मेन्झेल कॅमेरा घेऊन गेला असता तर कोपऱ्यावरचं किराणा दुकान बहुधा व्हिएतनामी कुटुंबाचं असतं आणि ओतीक तिथून बिअर उधार आणत असता. १९८५ च्या गावात सगळे चेहरे एकाच मातीचे हवेत म्हणून ठेवले, आणि गंमत अशी की सगळ्यांत लाडका चेहरा तरीही बाहेरचाच निघाला.

मेन्झेल भारतात येऊन गेला. २०१३ साली गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याला जीवनगौरव दिला गेला आणि महोत्सवाची सुरुवातही त्याच्याच ‘द डॉन हुआन्स’नं झाली. त्या वर्षी मी पणजीला गेलो नाही, एका लग्नापायी. ज्यांचं लग्न त्यांना अजून ऐकवतो. मुंबईतल्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनचे शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी त्याच्यावर ‘चेकमेट’ हा सात तासांहून मोठा माहितीपट केला, २०१८ साली. सात तास! खुद्द चेकांना ज्याच्यासाठी इतका वेळ काढावासा वाटला नाही, त्याच्यासाठी एका भारतीयानं तो काढला. मेन्झेल २०२० च्या सप्टेंबरात गेला. भेट झाली असती तर मी त्याला गावकूस हा शब्द कसा समजावला असता, याचा विचार मी बऱ्याचदा करतो. त्यानं मान हलवली असती, मिस्कील हसला असता आणि विषय बिअरवर नेला असता, असं आपलं वाटतं.

लेतीचं वराहपालन केंद्र सरकारनं २०१८ मध्ये विकत घेतलं. २०२२ मध्ये ते पाडायला सुरुवात झाली. २०२४ मध्ये तिथं स्मारक खुलं झालं. एक केंद्र हटायला हुकूमशाही संपल्यावरही तीसहून जास्त वर्षं लागली, आणि तेवढ्या काळात ओतीकचा चित्रपट टीव्हीवर किती वेळा लागला असेल त्याची गणती नाही.

हे लिहायला बसलो तेव्हा गावाकडे तात्यांना फोन केला. धक्क्याबद्दल लिहायचं तर निदान त्याचं खरं नाव घालावं, टोपणनावानं हसं करू नये, एवढं तरी मी शिकलो होतो. तात्या पंच्याऐंशीच्या घरातले, पण स्मरण खणखणीत; गावातली चार पिढ्यांची सोयरीक तोंडपाठ. त्यांनी गिरणी सांगितली, गिरणीवाला सांगितला, कुठल्या साली एसटीला धक्का देताना धक्क्याचं बोट चेमटलं तेही सांगितलं. राहायचा कुठं, विचारलं. ‘ओढ्यापल्याड,’ म्हणाले, आणि थोडं थांबले. मी चाळीस वर्षांत ओढ्यापल्याड त्याचं घर बघायला कधी गेलो नव्हतो, हे तेव्हा लक्षात आलं. मग नाव विचारलं.

‘नाव…’ तात्या बराच वेळ गप्प. मागे कुणाचा तरी टीव्ही चालू होता. ‘नाव काय होतं बरं त्याचं? आरं, नाव कशाला लागतंय? आवाज दिला की यायचा.’